वायरच्या दुसऱ्या टोकाला

ही गोष्ट घडलेली आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो शहाजी आजही सानपाड्यात राहतो. त्याला विचारायला गेलात तर तो विषय बदलेल. तबरेजला विचारा, तो सांगेल. पण शेवटचा भाग त्यालाही माहीत नाही.

साल १९९८. डिसेंबरातला रविवार. वाशीत मसाला मार्केटसमोरची एक ऑफिसची इमारत.

रात्र नव्हती. भर दुपार होती. म्हणून तर कुणी विश्वास ठेवत नाही.

शहाजी त्या ऑफिसचं नेटवर्क सांभाळायचा. जहाजाने येणाऱ्या मालाची कागदपत्रं तिथे बनायची. आठवडाभर एकच तक्रार होती. सगळे कॉम्प्युटर मध्येच गोठायचे, आणि थोड्या वेळाने आपोआप चालू व्हायचे. साहेब सांगून गेले होते, सोमवारी हे नीट चाललं पाहिजे, नाहीतर दुसरा माणूस बघू.

नवा स्विच नुकताच बसवला होता. स्विच म्हणजे चपटी लोखंडी पेटी. तिला ओळीने पोर्ट. एकेका पोर्टात एकेक वायर, आणि वायरच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी कॉम्प्युटर. ते टोक जोडलेलं असेल तरच पोर्टावर हिरवा दिवा लागतो. हा स्विच जुन्यासारखा मुका नव्हता. कुठल्या पोर्टातून किती येतंय, किती जातंय, ते त्याला स्क्रीनवर विचारता यायचं. एक ओळ टाइप करून हवा तो पोर्ट बंद करता यायचा.

शहाजीला तेवढंच करायचं होतं. त्रास देणारा पोर्ट शोधायचा आणि बंद करायचा.

पण वायरींवर कुणी नावं लिहिली नव्हती. म्हणून काम दोघांचं. एक जण खाली स्विचपाशी, दुसरा वर टेबलाटेबलावर. खालच्याने इंटरकॉमवर "काढ" म्हणायचं आणि कुठला दिवा विझतो ते बघायचं. मग "लाव".

पूर्वी सुट्टीच्या दिवशी असं काम निघालं की वर शालन असायची. शहाजीची बायको. डबा घेऊन यायची आणि हट्टाने थांबायची. वायर एकदा काढून लावली की ती पुन्हा एकदा काढून लावायची.

"दोनदा कशाला गं?"

"एकदा लावून माझा इस्वास बसत न्हाय. आन् त्या पेटीशी जेवढं बोलता, त्याच्या निम्मं घरी बोलत जावा."

दिवाळीच्या आधी तिला मलेरिया झाला. ताप डोक्यात गेला. दिवाळीला ती नव्हती.

त्यानंतर शहाजी रविवारी घरी थांबत नसे.

त्या दुपारी वर तबरेज होता. त्याच्याच ऑफिसातला, तोंडाने कधी न थकणारा. बरीच टेबलं झाली होती.

"भाऊ, थांबा जरा. इकडे टेबलाखाली खोकी रचलीत. कंपनी यांना टेबल देते, हे गोडाऊन करतात."

शहाजी थांबला. पण सवयीने तोंडातून निघालंच...

"काढ."

कोपऱ्यातल्या पोर्टाचा दिवा... विझला.

"लाव."

लागला.

आणि मग, न सांगता... पुन्हा विझला. पुन्हा लागला.

"तबरेज, दोनदा का काढलीस?"

"काय दोनदा? मी अजून खोकीच सरकवतोय."

शहाजीने स्क्रीनकडे पाहिलं. त्या पोर्टाचे आकडे धो धो वाढत होते. बाकी सगळं गोठलं होतं.

हाच तो पोर्ट.

त्याने इंटरकॉम खाली ठेवला. खोलीत फक्त पंख्याची घरघर होती. तो अगदी हळू, स्वतःशीच म्हणाला, "काढ."

दिवा विझला. लागला. विझला... लागला.

तबरेज खाली आला. त्याने ऐकून घेतलं, बघितलं आणि हसला. "वायर ढिली असेल भाऊ. तुमी जेवला नाही सकाळपासून." मग त्याने स्वतः म्हणून पाहिलं. "काढ."

काही नाही.

"काढ," शहाजी म्हणाला.

दिवा विझला.

तबरेज नंतर हसला नाही.

दोघांनी ती वायर धरून माग काढला. वायर छतातून तिसऱ्या मजल्यावरच्या बंद खोलीत गेली होती. वॉचमनने कुलूप काढलं. आत टेबल नाही, खुर्ची नाही. भिंतीवर एकच सॉकेट.

सॉकेट रिकामं होतं.

त्याच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं. अख्खं. कुठेही न तुटलेलं.

तबरेजने तोंडातल्या तोंडात काहीतरी पढलं. "भाऊ, पोर्ट बंद करा. निघू आपण."

खाली येऊन शहाजीने बंद करायची ओळ टाइप केली. एंटरवर बोट ठेवलं. बराच वेळ तसंच ठेवलं... मग ओळ खोडली.

"ह्याचं वेगळं नेटवर्क करतो," तो म्हणाला.

"वेगळं म्हणजे?"

"त्यात हा एकटाच पोर्ट. ह्याचा त्रास बाकीच्यांना नाही, बाकीच्यांचा ह्याला नाही."

"एकट्याला नेटवर्क कशाला लागतंय भाऊ? बोलणार कोणाशी?"

शहाजी टाइप करत राहिला.

सोमवारी ऑफिस सुरळीत चाललं. साहेब खूश झाले. शहाजी रोज संध्याकाळी सगळे गेल्यावर स्विचपाशी बसू लागला. "काढ" म्हणायचा. दिवा दोनदा विझायचा, दोनदा लागायचा. मग तो दिवसभरातलं काही सांगायचा. भाजी काय केली, गावाहून कोण आलं होतं. मग घरी जायचा. त्याला झोप लागू लागली होती.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "काढ."

दिवा तसाच राहिला. नुसता लुकलुकत.

त्याने स्क्रीनवर आकडे मागवले. त्या पोर्टातून काहीतरी येत होतं. ते रोजचंच होतं.

पण आज... इकडून तिकडे जातही होतं.

त्या नेटवर्कात दुसरा पोर्टच नव्हता. पाठवणारं कुणी नव्हतं. स्विच स्वतः अधूनमधून थोडं काही पाठवतो, पण त्याची चाल ठरलेली असते. ही तशी नव्हती. तिकडून थोडं यायचं, थांबायचं. मग इकडून थोडं जायचं, थांबायचं. मग परत तिकडून.

दोन माणसं बोलतात तसं.

"शालन," तो म्हणाला.

दोन्ही आकडे... थांबले.

आपण खोलीत शिरावं आणि आतल्यांनी बोलणं तोडावं, तसे.

शहाजी मागे सरकला. त्याने ती बंद करायची ओळ पुन्हा टाइप केली. तिकडे शालन नसेल, तर एंटर दाबून काहीच जाणार नव्हतं. पण असेल, तर इकडून तिच्याशी बोलणारं ते कोण होतं? आणि पोर्ट बंद केला, तर शालन कायमची तुटणार होती, आणि ते जे कोण होतं ते इकडेच उरणार होतं.

त्याने एंटर दाबलं नाही.

थोड्या वेळाने आकडे पुन्हा हलू लागले. आधी इकडून.

मग, बऱ्याच उशिराने... तिकडून. अगदी थोडंसं.