तोंड धुतलेली बाई

१९७४ च्या मार्चमध्ये हॅमिल्टनला लिडियाची टोरोंटोला घरी जायची बस चुकली. बाहेर बर्फ भुरभुरत होतं, म्हणून ती समोरच्या हॉलमध्ये शिरली. आत नाणी जमवणाऱ्यांचा क्लब भरला होता. एका तरुणाच्या तळहातावर हिरवंकाळं काहीतरी होतं.

"किती मळकट ते!" ती मराठीतच पुटपुटली.

"मळकट नाही हो, एकोणीसशे वर्षांपूर्वीचं रोमन नाणं आहे," तोही मराठीतच म्हणाला!

निसिम त्याचं नाव. पोलादाच्या कारखान्यात नोकरी, मूळ गाव अलिबागकडे, तिच्यासारखाच बेने इस्रायल, कोकणातला यहुदी. नाण्यावर एकीकडे सम्राट, दुसरीकडे खजुराच्या झाडाखाली रडणारी बाई.

"खाली लिहिलंय, यहुदींचा मुलूख जिंकला. ही रडतेय ती आपलीच."

"आईला दाखवू?"

त्याने लगेच रुमालात बांधून दिलं. पुढच्या रविवारी क्लबच्या स्पर्धेसाठी परत हवं होतं... म्हणजे तिला यावंच लागणार. लबाड!

शुक्रवारी शब्बाथचा, यहुद्यांच्या शनिवारच्या पवित्र दिवसाचा, पितळी दिवा चिंचेने घासताना लिडियाने नाणंही घासलं. अगदी मन लावून. सोन्यासारखं झळाळलं.

रविवारी हॉलमध्ये तिने रुमाल सोडला आणि निसिमने कपाळावर हात मारला. क्लबात तो एकटाच भारतीय. वर्षभर याच दिवसाची वाट बघत होता. म्हाताऱ्या परीक्षकाने भिंग लावलं.

"रुइन्ड! तो हिरवा थर हीच तर याची शान. कोणी घासलं?"

गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. लिडिया पुढे झाली. ताठ.

"मी. एकोणीसशे वर्षं रडतेय ती. मी तिचं तोंड धुतलं. आणि जिंकला म्हणे मुलूख! मग आम्ही दोघं कोण इथे उभे आहोत?"

म्हाताऱ्याने चष्मा पुसला, मान लववली. बक्षीस मात्र दिलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर तिचा आवाज उतरला. "तुमचं नुकसान केलं मी. आता बोलणारही नाही तुम्ही—"

"तो थर पुन्हा चढायला एकोणीसशे वर्षं लागतील," निसिम गंभीरपणे म्हणाला.

"मग?"

"एवढी वाट एकट्याने बघायची? तू... बसशील बरोबर?"

तू! लिडियाचे कान तापले. हनुवटी मात्र खाली आली नाही.

"असं पायऱ्यांवर नाही विचारायचं. शनिवारी शब्बाथ सुटल्यावर घरी या, आईला विचारा."

"शनिवारी? अजून सहा दिवस!" निसिमने कोटाची बटणं लावलीसुद्धा. "पुढची बस किती वाजता आहे?"