शाहूपुरीचं मुकं इंजिन

"सून चारच्या एसटीनं आजऱ्याला माहेरी निघालीय," अंबादास चव्हाण म्हणाले. "जाऊ दे. पर इंजिन तिनंच बिघडवलं, एवढं शाबीत करा, बाई."

क्रांती सरनोबत ही खासगी गुप्तहेर. सोबत निवृत्त हवालदार पिराजी. त्यांना संशय चटकन येई, उलगडा मात्र सावकाश.

खोलीभर अंबादासांच्या खेळण्यातल्या रेल्वेचे कापसाचे डोंगर होते, हातभर पूल, वीतभर स्टेशनं. पडद्यातून दुपार झिरपत होती. आपण झोपेतच कुठल्याशा गावाला निघालोय, असं पिराजींना वाटलं आणि ते आवडलंही.

अंबादास तरुणपणी वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर. या वीतभर इंजिनाच्या धुराड्यातून खरा धूर निघे, पोटातल्या स्पीकरमधून शिट्टी वाजे. परवापासून दोन्ही बंद.

"धुरानं सुनेला, मैथिलीला, खोकला यायचा. रोजची कुरकुर. आणखी काय पुरावा पायजे?"

इंजिन बनवून देणारा सम्राट, कागल एमआयडीसीतला इलेक्ट्रिशियन, तिथंच होता. "धुराड्यात वात हाय, तिला तापवणारी तार हाय. धुराच्या तेलाचे पाच थेंब बास. जादा झालं की वात बुडून धूर बंद, आन् तेल खाली स्पीकरमध्ये उतरतंय. जुनी बाटली संपली म्हणून परवा ही नवी दिली."

क्रांतीनं बाटली पाहिली. सील शाबूत होतं. इंजिन बाहेरून लख्ख पुसलेलं होतं. तिनं धुराडं हुंगलं, मग पिराजींनी.

"देवळात आल्यागत वाटतंय," पिराजी म्हणाले. नेहमीप्रमाणे कुणी लक्ष दिलं नाही.

मैथिली भरलेल्या बॅगेपाशी बसली होती. "मी न्हाय केलं."

"मग कुणी?"

"ते मला इचारू नका." तिच्या ओढणीच्या टोकाला तेलाचा डाग होता.

सासूबाई श्यामला चहा घेऊन आल्या. कप काठोकाठ, बशीतही थोडा.

"काकू, तुम्ही गाडी बघता?" क्रांतीनं विचारलं.

"हे फिरायला गेले की बटण दाबून बसते. पूर्वी ह्यांची शिट्टी ऐकू आली की मी दिवा लावायची." त्या हसून आत गेल्या.

क्रांतीनं बाकीच्यांना जवळ बोलावलं. "सम्राटला पाच थेंब ठाऊक आहेत, तो चुकणार नाही. मैथिलीला धूर नको असता, तर तिनं तारच काढली असती; तेल घालेल कशाला? आणि हे तेल बाटलीतलं नाही. तिळाचं आहे, समईतलं. ज्यांना इंजिन कळत नाही पण वात कळते, त्यांनी कोरडी वात पाहिली आणि दिव्यात घालतात तसं काठोकाठ घातलं. त्यांना अजून पत्ताही नाही."

"म्हणजे काकू?" पिराजी म्हणाले.

"हो. मैथिलीनं वास ओळखला आणि ओघळ ओढणीनं पुसले."

अंबादास खुर्चीत बसले. "पोरी, मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही रागाच्या भरात खोलीला कुलूप घातलं असतं, मामंजी. मग आत्याबाईंनी संध्याकाळी बसायचं कुठं?"

अंबादासांना लाज वाटली, आणि त्यांनी ती लपवली नाही. "चुकलो, पोरी," म्हणत त्यांनी तिची बॅग उचलून आत नेऊन ठेवली.

"नवा स्पीकर कधी बसंल?" त्यांनी सम्राटला विचारलं.

"उद्या."

"बसव. आन् थेंब किती, ते श्यामलाला शिकव. आता गाडी तीच चालवंल."