सातवा हंस

"तुमचा सातवा हंस खोटा आहे."

सगुणा दचकली. अंबरनाथाच्या देवळामागे एक तरुण कातळावर उताणा पडून कागदावर पेन्सिल चालवत होता आणि तिच्याकडे न बघताच बोलत होता.

"मला म्हणालात?"

"हातात काजळी, ओला फडका, आणि पावलं थेट हंसांच्या रांगेकडे... कल्याणच्या करंड्यांवर हंस काढणारी ती तुम्हीच." आता तो उठून बसला. "दगडावरच्या सातव्या हंसाला मुंडकंच नाही, फुटलंय. तुमच्या करंड्यावर मात्र तो मान वळवून मागच्याकडे बघतो. कुणी सांगितलं त्याला?"

"मी," सगुणा म्हणाली. "बिनमुंडक्याच्या हंसापाशी कुंकू कोण ठेवील?"

तो मोकळेपणाने हसला. ते हसणं सगुणेला आवडलं, आणि आवडलं म्हणूनच तिला त्याचा संशय आला.

संशय हा तिचा स्वभाव नव्हता, तो तिला अनुभवाने लावला होता. तिचे आबा, म्हणजे वडील काळुराम कातारी, कल्याणात हेदूच्या लाकडाचे करंडे आणि डबे चरकावर कातायचे, आणि सगुणा तापलेल्या सळईने त्यांवर नक्षी डागायची. देवळाच्या दगडावर ओला फडका पसरून वर काजळी घासली की वेल, हत्ती, हंस फडक्यावर उठत. तेच ती लाकडावर उतरवी. नवरा तापाने गेल्यावर ती माहेरी परतली होती. त्यांच्या जातीत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागे, आणि तिला दोन स्थळं आलीही. पहिल्याने विचारलं, हिला नक्षी किती येतात? दुसऱ्याला मुलीबरोबर फडक्यांचं गाठोडंही हवं होतं. मागणी हाताला होती, सगुणेला नव्हती. तेव्हापासून ती दूधसुद्धा दोनदा हुंगून घ्यायची.

हा तरुण म्हणाला, नाव आनंदा. देऊळ मोजायला आलेल्या साहेबासाठी चित्रं काढतो. अंगात कोट होता, बूट देवळाच्या दाराशी काढलेले होते. सगळं पटण्यासारखं होतं... पण तिची नजर त्याच्या उघड्या पायाकडे गेली. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात जाड, काळसर घट्टा होता. तसा घट्टा तिने रोज पाहिला होता, आबांच्या पायाला. कातारी बसून काम करतो, एका हाताने लाकूड फिरवतो आणि पायाच्या बोटांत पटाशी दाबून धरतो. साहेबाच्या कारकुनाला हा घट्टा कुठून आला?

तिने मनात नोंद करून ठेवली.

मग तो दर चार दिवसांनी कल्याणला दुकानी येऊ लागला. पायरीवर बसे, बूट मात्र कधी काढत नसे.

"आत या की, बूट काढून," आबा म्हणत.

"इथंच बरा आहे," तो म्हणे, आणि सगुणा सळई निखाऱ्यात जरा जोरानेच खुपसे.

"साहेबाचं देऊळ मोजून झालं नाही का अजून?" एकदा तिने विचारलं.

"देवळाचं झालं. माझं मोजणं चाललंय."

"तुम्ही काय मोजता?"

"तुम्ही माझ्याकडे संशयाने किती वेळा बघता ते. आज अकरा झाल्या."

"बारा," सगुणा खाली मान घालून म्हणाली. पण त्या दिवशी तिची वेल जरा वाकडी गेली, आणि पुढच्या चौथ्या दिवशी तिने सकाळपासून तीनदा पायरी झाडली.

महाशिवरात्रीच्या जत्रेत मात्र सगळंच उघडं पडलं. देवळाच्या वाटेवर ठाण्याच्या त्र्यंबक कातार्‍याने पाल ठोकलं होतं. वीस वर्षांपूर्वी हा त्र्यंबक आबांच्या हाताखाली लाखेचे रंग शिकला आणि ठाण्याला जाऊन त्याने तेच रंग विकले. त्यानंतर सगुणेच्या घरात ठाण्याचं नावही निघत नसे. त्या पालात, पायाच्या बोटांत पटाशी धरून, अनवाणी आनंदा लाकूड कातत बसला होता. शेजारी एक नवा डबा होता, आणि डब्यावर हंसांची रांग होती.

"हा कोण तुझा?" तिने त्र्यंबककडे बोट केलं. 'तुम्ही' कुठल्या कुठे पळालं होतं.

"काका." आनंदा उठून उभा राहिला. "साहेब खोटा नव्हता, सगुणा. महिनाभर त्याच्यासाठी रेघा मारल्यात. पण त्र्यंबकचा पुतण्या म्हणून आलो असतो, तर आबांनी पायरीवर तरी बसू दिलं असतं? म्हणून तर बूट काढत नव्हतो."

"आणि हे हंस?"

"मीच डागले."

"म्हणजे तू तिसरा. पहिल्या दोघांनी निदान तोंडाने मागितलं होतं, तू चोरून नेलंस."

आनंदाचा चेहरा उतरला. त्याने डबा तिच्या हातात ठेवला. "घरी ने. नीट बघ," एवढंच म्हणाला आणि पुन्हा कामाला बसला.

घरी तिने आबांना सगळं सांगितलं आणि डबा कोपऱ्यात भिरकावला. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी तो उचलून उजेडात धरला.

"हात काय स्थिर आहे मेल्याचा," ते पुटपुटले. "पण हे काय गं? या हंसाला मुंडकंच नाय. असला डबा घेणार कोण?"

सगुणेने डबा जवळजवळ हिसकावून घेतला. पहिला, दुसरा... सातवा. त्याची मान मधेच तुटलेली होती, दगडावर तुटली आहे अगदी तशीच. तिच्या करंड्यावरून उचलला असता तर या हंसाला डोकं असतं, मागे वळलेलं. आनंदा मूळ दगडाकडे गेला होता. तिची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट त्या रांगेत होती, आणि नेमकी तिलाच त्याने हात लावला नव्हता. तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. त्यांनी हनुवटी खाजवली.

"ठाणेकरांचा पडाव ओहोटीला सुटतो," शेवटी ते भिंतीकडे बघत म्हणाले. "अजून घटकाभर आहे. गोदाआत्याला बरोबर घे."

सगुणेने आधी सळई तापवली.

बंदरावर ठाण्याच्या पडावात, त्या मोठ्या होडीत, सामान चढत होतं. आनंदा कडेला बसला होता, कोट घालून, बूट घालून. तिने डबा पुढे केला. गोदाआत्या मुद्दाम खाडीतल्या बगळ्यांकडे बघत उभी राहिली.

आनंदाने डबा फिरवला आणि सातव्या हंसाशी थांबला. डागलेलं डोकं अजून कोमट होतं.

"हे... तुझं आहे. मी घेतलं नव्हतं."

"ठाऊक आहे. म्हणून दिलं."

"मागे वळून बघतोय हा."

"बघणारच. मागचा येतोय की निघून गेला, याचा त्याला भरवसा नाही."

"मागचा येतोय," आनंदा हळूच म्हणाला. "पाटाचं विचारायला काकाला घेऊन येतो. आबा दारात उभं करतील?"

"काकाचं मला सांगता येणार नाही," सगुणा म्हणाली. पडावाचा दोर सुटला तशी ती दोन पावलं पाण्याच्या बाजूने चालली. "तू मात्र बूट घालून येऊ नकोस."