काळ्या राजम्याचं सूप आणि मुहूर्ताचं येसर

दार उघडलं, तर वरच्या खोलीतला भाडेकरू कुकर हातात धरून उभा. तोंड पडलेलं.

"मॅडम, किती शिट्ट्या केल्या... शिजूनच नाही राहिलं."

हा हरिओम. नायगावचा, अहमदपूरला बियाण्यांच्या दुकानात कामाला. पावसाळ्यापासून आमच्या वर राहत होता, पण जिन्यातल्या 'नमस्कार'पुढे आमची गाडी कधी सरकली नव्हती. आणि मी उज्वला. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे रागवायची सवय जडलेली.

मी कुकरात डोकावले. काळेभोर दाणे, गोट्यांसारखे टणक.

"काळा राजमा," तो म्हणाला. "बाबांनी यंदा शेतात लावलाय. सूप करावं म्हटलं..."

"भिजवला होता?"

"...भिजवायचा असतो?"

मला हसू आवरेना. "कोरडा आणून द्या. रात्रभर भिजत घालते. उद्या संध्याकाळी या."

दुसऱ्या दिवशी तो आला, तर इस्त्रीचा शर्ट, केस चापूनचोपून बसवलेले.

"सूप शिकायला आलात की पाहुणचाराला?"

"तुम्ही म्हणाल ते," तो म्हणाला, आणि लाल झालेल्या कानांनी कांदा चिरायला बसला.

आई, म्हणजे चतुराबाई, दारात मेथी निवडत होती. "सूप म्हंजी आमटीच की रे लेकरा," तिनं मध्येच निकाल दिला.

राजमा मऊ शिजला होता. मी जिरं, लसूण, कांदा, टोमॅटो परतला. अर्धे दाणे त्यानं डावानं घोटले, तसा रस्सा काळा, दाट होऊ लागला. चव बघताना आमचे हात एकमेकांना लागले... दोघांनीही मागे घेतले नाहीत.

"थोडं पातळच हाय," तो हळूच म्हणाला.

"येसर घालू." मी फळीवरचा त्या भाजक्या धान्य-मसाल्याच्या पिठाचा डबा काढला.

"अगं ए, ते नको! मुहूर्ताचं हाय ते!" आई ओरडली.

हरिओमचा हात थांबला. सवाशिणी बोलावून, मुहूर्त बघून येसर कुठल्या घरात करतात, हे मराठवाड्याच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

"कुणाचं लगीन हाय, काकू?"

"हिचंच. रविवारी लातूरची माणसं सुपारी फोडायला येऊन राहिलीत."

मी त्या स्थळाला हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. मुलगा चांगला होता. फक्त तो हरिओम नव्हता. मला हरिओम आवडायचा, आणि हा शहाणा तोंड उघडत नव्हता.

"अभिनंदन," त्यानं गॅस बारीक केला.

माझं डोकंच फिरलं. "एवढंच? अजून काही बोलायचं नाही?"

"मग... काय बोलू?"

"जिन्यात रोज जे गिळता ना, ते!"

आईच्या हातातली मेथी तशीच राहिली. हरिओमनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काकू, मी आज ना उद्या बोलणारच... न्हाई, खोटं कशाला? बोललो नसतो. हिंमतच नव्हती. पण आता सांगतो — उज्वला मला आवडते. लई आवडते. त्या माणसांना येऊ देऊ नका."

आई माझ्याकडं वळली. "आणि तुझं गं?"

अख्खा वर्ग गप्प करणारी मी, पण नजर गॅसवरून वर जाईना. "मला ह्याच्याशीच करायचंय," कसंबसं म्हणाले.

"मग आत्तापर्यंत मूग गिळून बसला होतात काय दोघं? इकडं मी येसर करून बसले!" आईनं मेथीची पाटी बाजूला सारली. "नायगावला कुणाशी बोलायचं?"

"बाबांशी. शेषेराव नाव त्यांचं."

"नंबर दे त्यांचा. पण आधी लातूरला फोन करते. त्यांना अंधारात ठेवणं बरं न्हाई."

मोबाईल घेऊन ती ओसरीवर गेली. आम्ही दोघं गॅसपाशी, सूप खदखदत होतं.

"मॅडम..."

"आता तरी नावानं हाक मारा."

"उज्वला... लई घाबरलो होतो गं."

"मी पण."

बाहेरून आईचा आवाज आला, "न्हाई हो, तुमच्या मुलात काहीच खोट न्हाई. आमच्या पोरीचं मन दुसरीकडं हाय, आणि मी तिला आधी विचारलंच नव्हतं."