जाळातली पितळी

"कुळ कुठलं म्हणायचं, पाव्हणं?"

लालासाहेबांनी मिशीवरून पालथा हात फिरवत प्रश्न टाकला आणि भाकरी वाढायला वाकलेल्या बनुबाईचा हात जागच्या जागी थिजला. पाऊस विचारा, पलटण विचारा, पाटणचं भात कसं आलंय ते विचारा... पण एवढं एक विचारू नका, मामंजी! पदराआड तिचं अंतःकरण आक्रंदत होतं.

माणसं मापायची लालासाहेबांची रीत साऱ्या कुंडलला पाठ होती. कुणाला घोंगडं, कुणाला पाट, कुणाला नुसती पायरी. आणि काहींना पायरीच्याही खाली, गोठ्याच्या वळचणीत खोचून ठेवलेला बिनकानाचा कप. या मापात आपण कधी चुकलो नाही, असं ते स्वतःच सांगत, आणि उलट सांगायची कुणाची छाती नव्हती. आज मात्र सोप्यात घोंगड्यावर पाट, पाटापुढं रांगोळी, आणि रांगोळीत थोरल्या लेकाची, नाथाजीची, जेवायची पितळी मांडली होती.

गेल्या डिसेंबरात लढाईच्या धामधुमीत नाथाजीचा ट्रक पेटला होता. पत्र आलं ते एका ओळीचं : 'पाटणच्या धोंडिरामनं मला जाळातून वढून काढलं.' एवढ्या एका ओळीवर लालासाहेबांनी त्या अनोळखी धोंडिरामाचं सारं घराणं उभं केलं. "पाटणचा, त्यात पलटणीतला, त्यात एवढी छाती! म्हंजी आपल्यापैकीच!" आठ दिवसांत त्याचं देवकही ठरलं, आणि पंधराव्या दिवशी पुतणीसाठी स्थळ म्हणून त्याचं नाव घरात निघालं. सासूबाई, लक्ष्मीबाई, तर रोज दुपारी पहिला घास बाजूला काढायच्या. "पाटणच्या लेकराच्या नावाचा," म्हणून तो गाईला घालायच्या नि मगच जेवायच्या.

खरं काय ते घरात दोघांनाच ठाऊक होतं. लंगडत रजेवर आलेल्या नाथाजीनं पहिल्याच दिवशी बायकोचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता. "धोंडिराम बौद्ध हाय, बनू. दवाखान्यात दोन म्हैने एका ताटात जेवलो आमी. पर आईला कळलं तर ती अन्न सोडंल. तू बोलायचं न्हाई. माजी शपथ हाय तुला."

आणि बनुबाईनं ती शपथ निखाऱ्यासारखी पदरात बांधून घेतली होती!

आज धोंडिराम भेटायला यायचा होता, आणि नाथाजीचा बेत सोपा होता. कऱ्हाडच्या स्टँडवर मित्राला गाठायचं, हार घालायचा, भजी खाऊ घालायची नि तिथूनच वाटेला लावायचं. पण लंगड्या माणसाला कशाला एवढ्या लांब येऊ द्या, या मायेपोटी धोंडिराम आदल्याच एस्.टी.नं थेट कुंडलला येऊन उतरला. नाथाजी कऱ्हाडला, आणि पाव्हणा दारात!

त्याची जळून चिकटलेली बोटं पाहून लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्याला भाकरी मोडता येईना, तेव्हा त्यांनी स्वतः समोर बसून ती आमटीत कुस्करून दिली. "खा, माज्या राजा... खा!"

आणि त्यातच लालासाहेबांनी कुळ विचारलं.

धोंडिराम मोकळं हसला. "कुळ कसलं, आण्णा! पाटणच्या बौद्धवाड्यातला मी. नाथाजीनं सांगितलं न्हाई व्हय?"

धाकटा लेक दादासो उठला. खुंटीवरचा आसूड त्याच्या हातात कधी आला ते कुणालाच कळलं नाही.

"फसवून जेवलास? आमच्या घोंगड्यावर बसून?"

पहिला फटका कानावरून गालापर्यंत फुटला. दुसऱ्यानं खाकी सदरा पाठीवर उभा चिरला आणि रक्ताची रेघ उमटली. आमटी रांगोळीतून वाहत गेली. तिसरा फटका मात्र धोंडिरामनं हवेतच धरला, आपल्या त्या वाकड्या बोटांवर वळसा दिला आणि एका हिसड्यात आसूड दादासोच्या मुठीतून काढून कौलांवर भिरकावला.

"ह्या हातांनी जाळ धरलाय, गड्या! तुजा आसूड काय सांगतूस मला?"

दादासो कुडाला खोचलेल्या कोयत्याकडं धावला. बनुबाईला काही सुचलं नाही. जन्मात सासऱ्यासमोर मान वर न केलेली ती सून दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"भावजी, त्यांनी न्हाई फसवलं! मला ठावं हुतं... मीच वाढलं. ह्यास्नीबी ठावं नव्हतं, एकट्या मलाच! काय तोडायचं ते मला तोडा!"

नवऱ्याला वाचवणारं ते खोटं तिनं इतक्या निर्मळपणे उच्चारलं, की खुद्द धोंडिराम तिच्या तोंडाकडं बघत राहिला. दादासोचा कोयता वरच्या वर थांबला; पण लक्ष्मीबाईंनी चुलीजवळून उचललेली फुंकणी थांबली नाही. ती सुनेच्या कपाळावर बसली, भुवईवर रक्त आलं. "रांड! माज्या लेकाचं ताट बाटवलंस!" असा टाहो फोडत त्यांनी पितळी उचलली, आणि पाव्हण्याच्याच आंघोळीसाठी पेटवलेल्या न्हाणीच्या चुलीत, उसाच्या पाचटाच्या भडकलेल्या जाळात, भिरकावून दिली. बाटलेलं पितळ जाळानं शुद्ध होतं, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती.

बनुबाईनं चिमटा शोधला नाही. दोन्ही हात तिनं जाळात घातले!

बांगड्या तडकल्या. कातडीचा चर्र आवाज साऱ्या घरानं ऐकला. पितळी बाहेर आली, फरशीवर आदळली आणि बूड फुगून गरगरत राहिली.

"आत्याबाई," ओठ चावत बनुबाई म्हणाली, "ज्याला त्यांनी शिवलं ते जाळात घालायचं असंल... तर आदी ह्यास्नी घाला. ह्यास्नी तर त्यांनी मिठी मारून काढलंय!"

"खरं हाय तिचं!"

दारात नाथाजी उभा होता. कऱ्हाडला मित्र न सापडल्यानं तो तसाच माघारी फिरला होता. कुबडी टाकून तो सरपटत पुढं आला. "आई, एकच खोटं बोलली ती. मला समदं ठावं हुतं. भ्यालो मी... तिकडं मेलो न्हाई, ते हितं तुमच्या भ्यानं मेलो!" आणि सांडलेल्या रांगोळीतला, रक्ताचे शिंतोडे उडालेला तो कुस्करलेला घास उचलून त्यानं तोंडात घातला.

पण धोंडिरामचं लक्ष तिकडं नव्हतं. तो बनुबाईचे हात पाहत होता. शेजारच्या भामाबाई भाजल्यावर लावायला शाईची दौत घेऊन धावत आल्या, तसा तो ओरडला, "शाई नगं! तेल नगं! गार पानी, लय पानी!" आणि त्याची नजर सोप्याच्या कोपऱ्यातल्या रांजणावर गेली. साऱ्या घराच्या पिण्याच्या पाण्याचा रांजण. तो एक पाऊल पुढं आला आणि थबकला.

सगळे थबकले. लालासाहेबांचं सारं माप त्या दोन हातांच्या अंतरात येऊन अडकलं होतं.

लक्ष्मीबाईंनी सुनेच्या हातांकडं पाहिलं, मग पाव्हण्याच्या. एकाच आगीचे वाटावेत असे चार हात! त्या पुढं झाल्या. रांजणावरचं झाकण त्यांनी स्वतः काढलं आणि दूर फेकून दिलं.

"घाल रं बाबा... हात घाल. वाचीव माजी सून!"

धोंडिरामनं बनुबाईचे हात कोपरापर्यंत रांजणात बुडवून धरले. लालासाहेब भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. दादासोनं कोयता खाली घेतला, पण तो कुठं ठेवावा हे त्याला बराच वेळ कळलं नाही.

तासाभरानं पाव्हणा उठला. "येतो म्हनायची रीत हाय, म्हून म्हंतो येतो," तो म्हणाला. "परत यीन का न्हाई, ते मलाच ठावं न्हाई, आई." सदऱ्यावरचं रक्तही त्यानं पुसलं नाही, नाथाजीला मात्र एकदा घट्ट छातीशी धरलं.

दीड महिना बनुबाईला घास उचलता आला नाही. लक्ष्मीबाई भरवायच्या. पहिला घास आता गाईला जाईना, सुनेच्या मुखात जाई. भरवताना त्या सुनेच्या कपाळावरच्या खुणेवरून बोट फिरवत, आणि बनुबाई डोळे मिटून घेई.

धोंडिराम आला नाही. नाथाजीनं दोन पत्रं धाडली, उत्तर नाही.

तेव्हा एका सकाळी लक्ष्मीबाईंनी फुगल्या बुडाची ती पितळी फडक्यात बांधली आणि बनुबाईला घेऊन पाटणची एस्.टी. धरली. लालासाहेब "कुठं?" एवढंच म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांना उत्तर मिळालं नाही.

बौद्धवाड्यातल्या शेवटच्या घरात धोंडिरामची आई साळूबाई भाकऱ्या थापत होती. दारातल्या नऊवारीकडं, नथीकडं, मग फडक्यातून निघालेल्या पितळीकडं तिनं नीट पाहून घेतलं. लेकाच्या पाठीवरचा वळ तिनंच शेकला होता. सगळं तिच्या ध्यानात आलं. तिनं बसायला म्हटलं नाही. तव्यावरची भाकरी उलटत, गालात जीभ घोळवत विचारलं,

"कुळ कुठलं म्हनायचं, बाई?"

लक्ष्मीबाई उंबरा ओलांडून आत आल्या, सारवलेल्या भुईवर मांडी घालून बसल्या. समोर ठेवलेली पितळी डुगडुगायला लागली.

"कुळ नगं इचारूस, माय," त्यांना हुंदका आवरेना. "नाथाजीची आई हाय मी. तुज्या लेकानं माजा लेक दिलाय, नि मी... मी त्येच्या तोंडचा घास जाळात घातला. भुकेली आलीया... वाढ!"

साळूबाईनं गरम भाकरी पितळीत टाकली, आणि ती डुगडुगू नये म्हणून तिच्या काठावर आपला हात ठेवला.