स्वेटरची घडी

शवविच्छेदन विभागात मी सदतीस वर्षं टायपिस्ट होते. डॉक्टर सांगायचे आणि मी कार्बन घालून तीन प्रती काढायचे. उजवा अंगठा कायम निळा. ताई चिडवायची, "तुझ्या हातचा चहासुद्धा निळा होतो गं!"

ताई गोठवलेल्या मालाच्या गोदामात देखरेखीला होती. कामात चोख, घरात मात्र पसारा. कपडे काढले की भिरकावणार. लहानपणापासून तिच्या घड्या मीच घालायचे. बाह्या आत, कॉलर वर.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास खुर्चीतच माझा डोळा लागला. जागी झाले तर बोटं बर्फ, नखं जांभळी. कागद घेताना शिपाईमामांना माझा हात लागला.

"काय बाई, आतल्या पाहुण्यांना भेटून आलात की काय?"

सगळे हसले. मीही हसले.

संध्याकाळी ताई सापडली. गोठणखोलीच्या दाराची आतली कडी निखळली होती, दार आतून उघडत नव्हतं. अंगावर कपडा नव्हता. सर्वांत खालच्या फळीखाली ती अंग चोरून पडली होती. भाऊजी त्याच गोदामात कामाला. आदल्या दिवशी दोघांचं सगळ्यांदेखत कडाक्याचं भांडण झालेलं. पोलिसांनी त्यांना नेलं. आई एवढंच म्हणत राहिली, "माझ्या पोरीचं कुणी काय केलं?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अर्धा अहवाल सांगितला आणि थांबले.

"बाई, तिला कुणी हात लावलेला नाही. थंडी हाडांत मुरली की शेवटी अंग पेटल्यासारखं वाटतं. माणूस कपडे काढतो, मिळेल त्या सांदीत शिरतो."

"म्हणजे शेवटी तिला थंडी वाजली नाही?"

"नाही."

तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

मग ते अडखळले. "फक्त… अशा वेळी कपडे विखुरलेले असतात. बोटं वळतच नाहीत हो. हिच्या कपड्यांची नीट घडी होती. सोबत कोण होतं, असं पोलीस विचारणार. फार टापटीप होती का ताई?"

माझ्या डोळ्यांसमोर भाऊजी आले.

"फार," मी म्हणाले. "पहिल्यापासून."

भाऊजी संध्याकाळी सुटले. आईने स्वतः त्यांना पाणी दिलं.

महिन्याने पोलिसांकडून कपड्यांचा गठ्ठा आला, उचलला तसाच बांधलेला. वर पांढरा स्वेटर.

बाह्या आत. कॉलर वर.

ताईने तो नवाच विणला होता. भाऊजी म्हणाले, त्या सकाळीच पहिल्यांदा घातला होता. मी तो पाहिलाही नव्हता.

ती एकटी नव्हती, एवढं मला पुरलं.

कॉलरवर निळा ठसा आहे. कितीदा धुतला. अजूनही कधीतरी त्यावर अंगठा ठेवून पाहते.

तंतोतंत बसतो.