पिशोरच्या पुलावरचा डिपर

ते बटण बंद नको करू, ऋतुराज. गाडी तुझी हाय, पैसा तुझा हाय, पण म्हाताऱ्याचं एवढं ऐक. मधेच झोत खाली जातोय म्हणून वैतागलास, व्हय? अरे, ते त्याचं कामच हाय. आरशाच्या मागं, काचेला चिकटून बारका कॅमेरा असतो. समोरून येणाऱ्याचा दिवा, नायतर पुढं चाललेल्याचा लाल लाईट दिसला, की तो झोत खाली घेतो. समोरचा निघून गेला की परत वर. आम्हाला हे हातानं करावं लागायचं, डिपर म्हणायचो. त्यातबी आमची अक्कल बघ. आधी समोरच्यानं द्यावा, मग मी देईन. जो आधी देईल तो कच्चा डायव्हर. या अकडीपायी किती जण खड्ड्यात गेले, देवालाच माहीत.

श्रेया, दार लोटून घे, गार वारं यायलंय. तूपण बस भावाजवळ. सांगतो, पण मधे मधे बोलू नका. थकलोय मी आज.

सोमनाथ आन् मी लई वर्षं संगं काळीपिवळी जीप चालवली. आता तो एका शेठच्या गाडीवर हाय, तुझ्यासारखीच गाडी. गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सतरा तारीख, बुधवार, अमावस्येला दोन दिवस राहिले व्हते. शेठचे पाहुणे त्यानं रात्री फर्दापूरला हॉटेलात सोडले. सकाळी पाचपासून माणूस चाकावर. तेवढ्यात शेठचा फोन आला, "पिशोरला जाऊन मुक्काम कर. सकाळी सातला सासूबाईंना घेऊन ये, डॉक्टरची वेळ हाय." नोकरी म्हणल्यावर नाय कसं म्हणणार? साडेदहाला निघाला.

पिशोरचा रस्ता त्यानं अकरा वर्षं टाळला व्हता. का, ते दोघांनाच ठाऊक. त्याला आन् मला.

पिशोरच्या अलीकडं एक अरुंद पूल हाय. अकरा वर्षांमागं त्या पुलावर समोरून बद्रीनाथ आला, दुधाचे कॅन लावलेल्या फटफटीवर. सोमनाथच्या जीपचा फुल झोत. यानं काय डिपर दिला नाय. बद्रीनाथचे डोळे दिपले, कठडा चुकला, गडी सरळ नाल्यात. जागीच गेला. सोमनाथनं पोलिसांपुढं जबानी दिली, "साहेब, फटफटीला लाईटच नव्हता. मला दिसलाच नाय." फटफटीचा पार चुराडा झालेला, तपासणार कोण?

लाईट व्हता. चांगला लख्ख व्हता. त्याच रात्री सोमनाथ माझ्याकडं येऊन ढसाढसा रडला. म्हणला, "भाऊ, खरं सांगून टाकू का?" मी म्हणलो, "गप बस. मेलेला काय परत येतो का?" ते पाप माझंच हाय, मी कबूल करतो. गावानं मात्र बद्रीनाथलाच नावं ठेवली. बिनलाईटचा हिंडत व्हता, मेला, म्हणायचे. त्याच्या बायकोनं, भागूबाईनं, अकरा वर्षं ते ऐकून घेतलं.

तर त्या रात्री बारा चाळीसला सोमनाथ पुलापाशी पोचला. डोळ्यांत वाळू भरल्यावानी झालेलं. रस्ता मोकळा, झोत फुल. पुलाच्या तोंडाशी झोत खाली आला. आपोआप. मीटरमधली फुल झोताची निळी खूण विझली.

पुढं कुणी नाय.

त्याला वाटलं, एखाद्या पाटीवरनं उजेड उलटा आला असंल. पाटी नव्हती. काच घाण असंल म्हणून खाली उतरला, फडक्यानं पुसली, परत बसला. झोत खालीच.

आता ध्यान देऊन ऐका. त्या कॅमेऱ्याला म्हैस कळत नाय, दगड कळत नाय. त्याला दिवाच कळतो.

सोमनाथनं गाडी हळूहळू पुलावर घातली. झोत खालीच. म्हणजे समोरचा अजून समोरच... अर्धा पूल. खालीच. हातानं वर ढकलता आला असता की. पण त्याचा हात उठला नाय. मला म्हणला, "भाऊ, तेवढा तरी डिपर राहू द्यावा वाटलं."

पूल सरला. निळी खूण आली. झोत वर.

म्हणजे समोरचा... बाजूनं गेला.

"मग सुटले की ते, आबा."

नाय गं, श्रेया. त्या गाडीचा आतला आरसाबी तसलाच. मागून उजेड पडला की आपोआप काळवंडतो. यानं आरशात बघितलं. मागं मिट्ट काळोख. एक दिवा नाय. आन् आरसा... काळा व्हायला लागला.

हा थांबला नाय. पळवलीबी नाय. कुणी मागं येत असंल तर येऊ द्यावं... एवढंच. पिशोर येईस्तोवर आरसा तसाच.

सासूबाईंच्या घरी गेलाच नाय. गावाच्या कडेला भागूबाईचं घर, तिथं गाडी अंगणातच घातली. दार वाजवलं. एक वाजून गेलेला.

"कोण हाय?"

"मी सोमनाथ. जीपवाला."

दार उघडलं. हा उंबऱ्याबाहेर उभा.

"वैनी, त्यांच्या गाडीला लाईट व्हता. मी खोटं बोललो. डिपर मी दिला नाय."

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणली. "पण माझं कोण ऐकतंय? सकाळी चार माणसांत सांगाल?"

"सांगतो."

"मग बसा ओट्यावर. उजाडू द्या."

ती आत गेली. दार उघडंच ठेवलं. सोमनाथ तिथंच भिंतीला टेकला आन् मेल्यावानी झोपला. म्हणला, अकरा वर्षांत तशी झोप लागली नव्हती.

उजाडल्यावर भागूबाईनं शेजारची चार माणसं बोलावली. सोमनाथनं हात जोडून सगळं सांगितलं. माझं नावबी घेतलं त्यानं, घ्यायलाच पाहिजे. कुणी शिवी दिली नाय, कुणी हात उगारला नाय. सगळे खाली माना घालून उभे. त्यातलाच एक जण भुईकडं बघत म्हणला, "भागूबाई, रात्री फटफटीवर कोण आलतं?"

भागूबाईनं सांजच्याला अंगण सारवलेलं, थंडीनं ते ओलंच राहिलेलं. त्यावर सोमनाथच्या गाडीच्या चाकांचे दोन रुंद पट्टे. आन् त्या पट्ट्यांच्या वरून गेलेला एक बारीक माग. दुचाकीचा. सडकेवरून सरळ आत आलेला, ओट्याला वळसा घालून उंबऱ्यापर्यंत.

परत गेल्याचा माग नव्हता.